रुगर १०/२२ चं दहाचं मॅगझिन: न्यू जर्सीत हेच घ्या

न्यू जर्सीत राहत असाल आणि घरात रुगर कंपनीची १०/२२ रायफल असेल, तर मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीच्या, बाबतीत फार डोकं चालवू नका. कंपनीचंच दहा गोळ्यांचं बीएक्स-१ घ्या. सुटं घेतलं तर वीस-पंचवीस डॉलरच्या घरात जातं, तीनचं पाकीट घेतलंत तर स्वस्त पडतं. मत एवढंच, आता कारणं सांगते.

त्याआधी थोडी ओळख, कारण इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रायफलचा विषय काढला की हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्यापासून जरा सरकूनच बसतात. मी मूळची कोल्हापूरची. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हापासून माझ्या माहेरी नेमबाजीवर क्रिकेटइतकीच चर्चा चालते. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हा भावाने मला इथल्या भल्या पहाटे फोन करून उठवलं होतं. त्या प्रकारात एका वेळी एकच गोळी भरायची असते, मॅगझिनचा संबंधच नाही. म्हणून भाऊ अजून टोमणा मारतो, "ताई, नेम धरता येत असेल तर दहा कशाला लागतात तुला?" असो. मी पदकासाठी जात नाही, रविवारी मजेसाठी जाते.

आता कायदा. न्यू जर्सीत १९९० पासून मॅगझिनची मर्यादा १५ गोळ्यांची होती, २०१८ मध्ये ती १० वर आली. लोकांचा घोटाळा होतो तो इथे: तुम्ही किती गोळ्या भरल्या हे कोणी विचारत नाही, सेमी-ऑटोमॅटिकच्या (दर वेळी चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढते अशा बंदुकीच्या) मॅगझिनमध्ये किती मावतात ते बघतात. पंचवीसच्या मॅगझिनमध्ये पाचच भरून नेल्या, तरी ते बेकायदाच. रिकामं कपाटात पडलेलं असलं तरीही. गुन्हा चौथ्या दर्जाचा, म्हणजे दीड वर्षापर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. आणि डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की राज्याची मर्यादाच नाही! तिथल्या दुकानात पंचवीसचं बीएक्स-२५ उघड टांगलेलं असतं, किंमतही फार नाही. तिथून बाकी काय हवं ते आणा, बीएक्स-२५ मात्र तिथेच राहू द्या.

दहाचं म्हणजे काहीतरी कापून-छाटून दिलेलं, अशी समजूत बऱ्याच जणांची दिसते. १०/२२ च्या बाबतीत उलट आहे. १९६४ साली ही रायफल आली तीच या दहाच्या गोल मॅगझिनसकट, नावातला दहा तोच. पॉइंट टू-टूच्या (नावातला बावीस तो हा) काडतुसाला बुडाशी कड असते. साध्या सरळ मॅगझिनमध्ये ही काडतुसं एकावर एक बसली की वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकू शकते आणि मग गोळी पुढे ढकलणारा बोल्ट मध्येच थांबतो. बीएक्स-१ मध्ये ती एकावर एक रचलेली नसतातच. आत एक खाचांचं चाक आहे, जत्रेतल्या पाळण्यासारखं: प्रत्येकाची जागा वेगळी, कोणी कोणाच्या अंगावर नाही. वरचं तोंड स्टीलचं, त्यामुळे गोळी दरवेळी त्याच कोनात पुढे जाते. माझ्याकडे जी काही अडवणूक झाली ती जवळजवळ सगळी स्वस्तातल्या दारूगोळ्याने, मॅगझिनने नाही.

शिवाय ते रायफलच्या पोटात सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही. बेंचवर कोपर टेकून मारताना हे फार बरं वाटतं.

आता तक्रारी. पहिल्या सात-आठ गोळ्या सहज सरकतात, पण शेवटच्या दोन भरताना अंगठा अक्षरशः रडतो. गोळीवर मेणाचा थर असतो, तो बोटाला लागून थोड्या वेळात काळा होतो. नेमबाजीच्या रेंजवरून थेट कोणाकडे जेवायला जायचं असेल तर लिंबू-साबण जवळ ठेवा. तेच मेण मॅगझिनच्या तोंडाशीही साचतं. तिथे जुना टूथब्रश पुरतो. स्क्रू काढून आत साफ करायला जाऊ नका, आतल्या स्प्रिंगचा पीळ सुटतो आणि तो परत नेमका किती द्यायचा यात दुपार जाते. आणि जुन्या १०/२२ वर मॅगझिन सोडायचं बटण इतकं आत आहे की थंडीत हातमोजे घालून ते दाबणं म्हणजे शिक्षाच. नव्यांना पुढे आलेला खटका आहे. तीनच्या पाकिटात पारदर्शक मिळालं तर तेच बघा, किती उरल्या ते बाहेरून दिसतं.

माझ्या ओळखीतल्या एकाने हौसेने पंचवीसच्या आकाराचं, आत अडसर घालून दहावर आणलेलं मॅगझिन घेतलं. दिसायला रुबाबदार. पण दर वेळी रेंजवरचा माणूस ते उचलतो, उलटंसुलटं बघतो, अडसर हलतो का ते चाचपतो. बदल कायमचा असायला हवा, स्क्रू फिरवून निघणारा अडसर कामाचा नाही. हे सगळं दर रविवारी कोणी समजावून सांगत बसायचं? जन्मतः दहाचं असलेलं मॅगझिन कोणी बघतसुद्धा नाही.

ऑनलाइन मागवताना एक गंमत. एका वेबसाइटने माझं दहाचंच मॅगझिन, पूर्ण कायदेशीर, पिनकोड ०८८ ने सुरू होतो एवढ्यावरून रद्द केलं. फोन केला तर पलीकडचा बाबा म्हणे, "मॅडम, न्यू जर्सीला आम्ही मॅगझिन पाठवतच नाही." शेवटी गावातल्या दुकानातूनच घेतलं. दोन डॉलर जास्त गेले, पण दुकानदाराला इथले नियम तोंडपाठ.

दुसऱ्या राज्यात असाल तर हिशेब बदलतो. कोलोराडोत मर्यादा १५ ची, म्हणून डेन्व्हरचा माझा मावसभाऊ बिनधास्त बीएक्स-१५ वापरतो. गणपतीला आमच्याकडे येतो तेव्हा ते घरी ठेवून ये म्हणून मी आधी बजावते. इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये पिस्तुलाला १५ पण रायफलला १० च. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, सगळीकडे दहा. म्हणजे बीएक्स-१ घेतलंत तर घर बदललं तरी मॅगझिन बदलायला नको.

आणि एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांनी हे वाचून लगेच दुकान गाठू नये. व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतुसंही जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आधी वकिलाला विचारा. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावरच पोलीस ठाण्यात बंदूक घेण्यासाठी लागणाऱ्या ओळखपत्राचा अर्ज टाकला होता.