स्परचं व्होटर गाइड, मतदानाआधी वाचाच

सॅन फ्रान्सिस्कोत मतदान करणाऱ्या मराठी मंडळींनो, स्पर (SPUR) या शहर नियोजनावर काम करणाऱ्या संस्थेचं हे गाइड फुकट आहे, वापरा. नोव्हेंबर २०२४ ला नुसते शहराचेच १५ प्रस्ताव मतदानाला होते, सरकारी पुस्तिका वाचता वाचता झोप लागते हो, इथे प्रत्येक प्रस्ताव नेमका काय, बाजूने काय, विरोधात काय आणि शेवटी स्परचं हो की नाही, सगळं मुद्देसूद. फक्त ही संस्था 'घरं बांधा, ट्रान्झिट (बस-ट्रेन) वाढवा'वाली, त्यामुळे शिफारस डोळे झाकून घेऊ नका. समुद्राकाठच्या ग्रेट हायवेचा काही भाग गाड्यांना बंद करून तिथे पार्क करायचा तो प्रॉप के (प्रस्ताव के), पास झाला खरा, पण तिथल्या सनसेट भागातले लोक एवढे भडकले की २०२५ मध्ये स्वतःच्या सुपरवायझरलाच (म्हणजे नगरसेवकालाच) रिकॉल केलं, मत देऊन पदावरून काढलं! तो राग समजायला शेजाऱ्यांशीच बोलावं लागतं. चार स्टार.