सागाच्या जुन्या खिडक्या: दहा महिन्यांनंतर

गुहागरच्या आमच्या घराला सात खिडक्या. जांभ्याच्या भिंती, सागाच्या चौकटी, मधे लोखंडी गज. गेल्या एप्रिलमध्ये पाच दुरुस्त केल्या, दोन काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवल्या. अख्खा पावसाळा त्यांच्यावरून गेला, म्हणून आता लिहितोय.

बाहेरून सगळ्याच गेल्यासारख्या दिसत होत्या. सुताराने पेचकस टोचून बघितलं तर वरचं लाकूड टणक. खालचं आडवं आणि उभ्यांचे तळाचे चार-पाच इंच तेवढे भुसा झालेले. "साग सडला नाय, तुम्ही सडवलात," म्हणाला. खरं होतं. दर गणपतीला ऑइलपेंटचा एक हात चढायचा. रंगाला तडा गेला की पाणी आत शिरायचं आणि आतच राहायचं. त्यात कधीतरी कुणीतरी बाहेरच्या कठड्याला सिमेंट लावून उतार आतल्या बाजूला दिलेला!

त्याने सडका भाग कापून जुन्या सागाचे तुकडे तिरक्या सांध्याने जोडले. नवं लाकूड आक्रसतं, म्हणून जुनंच हवं असा त्याचा हट्ट. स्क्रू पितळी, खाऱ्या हवेत लोखंडी गंजून फुगतात आणि लाकूड फोडतात. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल. हे मी हौसेने स्वतः लावलं आणि हाताची सालं काढून घेतली, तेव्हा हातमोजे घालाच. बाहेरून रंगाऐवजी अळशीचं तेल, तीन हात. कठड्याचा उतार बाहेर काढला आणि त्याच्या पुढे आलेल्या कडेखाली एक खाच मारली, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथेच ठिबकतं. माझ्या मते पैसे वसूल झाले ते या खाचेत.

जुलैत दोन झडपा फुगल्या, कडी कोयंड्यात बसेना. रंधा मारून घेण्याचा मोह झाला होता, पण सुताराने फोनवरच दम दिला. दिवाळीनंतर आपोआप बसल्या. तेव्हाच तासल्या असत्या तर आज फटी दिसल्या असत्या.

यूपीव्हीसीचं सांगायचं तर फुगणं नाही, वाळवी नाही, वाऱ्याची खडखड नाही. पण सरकती खिडकी अर्धीच उघडते, आणि उकाड्यात ते जाणवतं. पश्चिमेच्या खिडकीत पहिल्याच जोराच्या झडीत ट्रॅक भरून पाणी गादीवर आलं. पाणी जायची भोकं मातीने बुजली होती; साफ केल्यावर थांबलं. आता दर पंधरवड्याला काडी घालतो. जुनी चौकट उपटताना भिंतीचा गिलावा निघाला, तो खर्च कोटेशनमध्ये नव्हता.

दुरुस्तीला खिडकीमागे सरासरी ४,२०० रुपये लागले, नव्या खिडकीला गिलावा धरून १९,०००च्या वर. पश्चिमेची बदलली याचं वाईट वाटत नाही, तिथे लाकूड खरंच उरलं नव्हतं. दुसरी मात्र उगाच बदलली. तिची चौकट पडवीत उभी आहे. अण्णा भंगारवाल्याला हात लावू देत नाहीत.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एका सांध्याजवळ काळा डाग दिसतोय. एप्रिलमध्ये लाकूड पूर्ण सुकलं की तो उघडून बघायचा आहे, मग पुन्हा तेलाचा एक हात.