लॅबमधलं मॅटलॅब की लॅपटॉपवर ऑक्टेव्ह?
सांगलीत रूम करून राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या ज्युनियर पोरांचा ठरलेला प्रश्न. दोन्ही गणिताचे कोड लिहून चालवायची सॉफ्टवेअर. ऑक्टेव्ह फुकट, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, मॅट्रिक्स, प्लॉट, लूप एवढंच असेल तर मॅटलॅबची फाईल बहुतेक वेळा जशीच्या तशी पळते, रात्री दोनला विश्रामबागच्या रूमवर बसून असाइनमेंट उरकता येते. पण सिम्युलिंक (मॅटलॅबसोबतचं, ब्लॉक जोडून सिस्टिम चालवून बघायचं टूल) त्यात नाहीच, मग कंट्रोल सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला लॅब गाठावीच लागते. तिथं टूलबॉक्स (मॅटलॅबचे जादा फंक्शनचे संच) तयार, लायसन्सची कटकट नाही, फक्त पाच वाजले की उठवतात आणि मशीन रिस्टार्ट झालं की डेस्कटॉपवरची फाईल गायब, त्यामुळे सेव्ह पेनड्राइव्हवरच (तो व्हायरस घेऊन येतो ते वेगळंच). मी म्हणेन कोड रूमवर लिहा, लॅबमध्ये सिम्युलिंक आणि फायनल रन. फक्त ऑक्टेव्हमध्ये 'एन्डइफ' (endif) किंवा 'x++' वापरू नका, मॅटलॅब लगेच एरर फेकतं.