बालगृहाच्या विश्वस्तांसाठी दादरची कार्यशाळा: कायदा पक्का, हिशेब घाईत

बालगृहाच्या मंडळावर नव्याने आलेल्यांनी ही कार्यशाळा जरूर करावी. सर्वांत उपयोगी भाग नोंदणीचा. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदला म्हणजे मुलं ठेवता येतात असं नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 41 खाली वेगळी नोंदणी लागते, ती 5 वर्षांपुरती. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल द्यायचा. तो अडतो कुठे? राजीनाम्याचं पत्र किंवा सभेचा ठराव फाइलला नसतो. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मंडळाची बैठक होईपर्यंत थांबायचं नाही, थेट पोलिसांना कळवायचं, हे ठासून सांगतात (सांगायलाच हवं, ‘संस्थेचं नाव’ जपणारे कमी नाहीत). हिशेबाचं सत्र मात्र उरकल्यासारखं. परदेशी देणगीसाठी लागणाऱ्या वेगळ्या बँक खात्यावर दोनच वाक्यं. टिपणं मराठीत मिळतात.