स्टिरिओ नसलेली सेकंड हँड गाडी: कंपनीचाच जुना सेट की नवा टचस्क्रीन?

सेकंड हँड गाडीत स्टिरिओच्या जागी नुसती खाच असेल, तर ती भरायच्या दोन मुख्य वाटा आहेत. त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीतला कंपनीचा मूळ सेट शोधायचा, नाहीतर बाहेरचा टचस्क्रीन बसवायचा. मी एकाच गाडीत दोन्ही वापरले आहेत. तुमची गरज वेगळी असू शकते, तरी माझा कल कुठे झुकला आणि का, ते सांगतो.

दोन्हींच्या आधी खाचेत टॉर्च मारून कपलर, म्हणजे वायरींचे प्लग, शाबूत आहेत का ते बघा. स्टिरिओ काढणाऱ्याने वायरी कापल्या असतील तर कपलरचा तुकडाही त्याच गाडीचा मिळवावा लागतो. बाहेरच्या सेटमध्ये पिवळी कायमच्या करंटची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची, हे रंग बहुतेक ठरलेले असतात. गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे, म्हणून रंगाला रंग जोडू नका, मल्टिमीटर लावा. पिवळी आणि लाल उलटी जोडली गेली तर किल्ली काढली की सेट घड्याळ आणि स्टेशनं विसरतो.

मूळ सेट सापडला तर बसवणं सोपं. फ्रेम लागत नाही, स्टिअरिंगवरची बटणं चालतात, अँटेनाच्या अ‍ॅम्प्लिफायरला मिळायचा तो करंट मिळतो. त्रास असतो तो शोधण्यात आणि कुलपात. बऱ्याच सेटना करंट तुटला की कोड लागतो, आणि तो शक्यतो विकणाऱ्याकडूनच घ्यावा. नव्या गाड्यांत तर काही सेट मूळ गाडीच्या चासी नंबराशी बांधलेले असतात, ते दुसऱ्या गाडीत अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या मदतीशिवाय जागे होत नाहीत. तुमची गाडी अशी असेल तर ही वाट सोडून दिलेली बरी. जपानच्या देशी बाजारातून निघालेला सेटही टाळा. तिथला एफएम 76 मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि जुन्या सेटमध्ये 90 ला संपतो, बहुतेक देशांत स्टेशनं 87.5 ते 108 मध्ये असतात.

टचस्क्रीनची बाजू भक्कम आहे, हे मोकळेपणाने मान्य करतो. नकाशा, फोन, मागचा कॅमेरा सगळं एका जागी. 180 बाय 100 मिलीमीटरची डबल डिन खाच असेल तर पर्यायही भरपूर. घेणारच असाल तर कारप्ले (आयफोनसाठी) किंवा अँड्रॉइड ऑटो चालवणारा घ्या, म्हणजे फोनची अ‍ॅप सेटच्या स्क्रीनवर दिसतात. नकाशाचं काम फोन करतो, त्यामुळे सेट काही वर्षांनी मंदावला तरी अडत नाही.

माझा निर्णय झाला तो रात्रीच्या प्रवासात. गाडीचे काटे, एसीची बटणं, मूळ स्टिरिओ हे सगळे बहुधा एकाच डिमरवर असतात. छोटं चाक फिरवलं की सगळा उजेड एकत्र उतरतो. बाहेरच्या सेटची नारिंगी वायर बहुधा एवढंच ओळखते की दिवे लागले किंवा विझले. म्हणजे पायऱ्या दोनच, दिवसाची आणि रात्रीची. रात्रीची पायरी शहरातल्या दिव्यांखाली बरोबर ठेवली, तर अंधाऱ्या हायवेवर ती डोळ्यांना टोचते. हायवेसाठी उतरवली, तर पावसात भर दिवसा हेडलाइट लावताच स्क्रीन रात्रीच्या उजेडावर जातो आणि अक्षर दिसत नाही. नकाशा काळ्या रंगावर ठेवूनही फारसा फरक पडला नाही, कारण एलसीडीचा काळा म्हणजे मागचा दिवा झाकलेला असतो, विझलेला नव्हे. थोडा उजेड पाझरतोच. माझ्या गाडीत तो उजळ चौकोन ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेत उमटायचा, नेमका आरसा बघायचा तिथे. मागून येणारी मोटरसायकल त्या चौकोनाआड जाते हे लक्षात आल्यावर मला दुसरं काही तोलावंसं वाटेना. स्क्रीन पूर्ण बंद करायची सोय होती, पण फोन आला की तो पुन्हा उजळायचा. काही गाड्यांत दिव्यांची वेगळी वायरच नसते, तो निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या यंत्रांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरींवरून, जातो. तिथे तो निरोप सेटला समजावणारा अ‍ॅडॉप्टर हलका निघाला तर रात्रीची पायरीसुद्धा मिळत नाही. सगळ्याच स्क्रीनचं असं होत असेल असं मी म्हणत नाही. काचेचा उतार, डॅशबोर्डची उंची यावर बरंच ठरतं.

मूळ सेटला ब्लूटूथ नाही ही अडचण खरी, पण सुटणारी. ऑक्स, म्हणजे फोन वायरने जोडायचं भोक, असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर सेटच्या मागे सीडी चेंजरसाठी (अनेक सीडी बदलत वाजवणाऱ्या पेटीसाठी) असलेल्या सॉकेटला बसणारं मॉड्यूल बऱ्याच मॉडेलसाठी मिळतं. ऑक्समधून इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ती शिट्टी अडवणारी छोटी डबी, टाका. फोनचं गाणं रेडिओच्या एका स्टेशनवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरच्या वाटेला जाऊ नका, गर्दीच्या शहरात दुसरी स्टेशनं गाण्यात घुसतात.

मूळ सेट मिळालाच नाही, तर गोल बटणाचा साधा सिंगल डिन (डबल डिनच्या निम्म्या उंचीचा) ब्लूटूथ सेट बघा. काहींत दिव्यांचा रंग बदलता येतो, तो काट्यांच्या रंगाशी जुळवला की डोळ्याला खटकत नाही.

गाडी बहुतेक दिवसाच चालते, पार्किंग अडचणीचं आहे आणि कॅमेरा रोज लागतो, अशांनी टचस्क्रीन खुशाल घ्यावा. रात्री लांब जाणाऱ्यांनी आधी मूळ सेट शोधावा असं मला वाटतं. शोधताना लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचे सेट दिसायला सारखे असू शकतात. पैसे देण्याआधी 12 व्होल्टवर लावून कोड समोर टाकून घ्या आणि चारही स्पीकरचे आउटपुट वाजवून बघा.