तांब्याचा बंब : पाणी कढत, धूर गल्लीभर

नाशिकच्या भांडी बाजारातून गेल्या हिवाळ्यात घेतलेल्या तांब्याच्या बंबाची घडण उत्कृष्ट असून चार लाकडांत दोघांच्या आंघोळीचे पाणी कढत होते. तक्रार धुराची आहे. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. त्यामुळे धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो आणि त्यातील २.५ मायक्रोमीटरहून बारीक कण फुप्फुसांत खोलवर उतरतात. ओल्या लाकडाने (वखारवाला ते सुके म्हणूनच देतो) धूर फारच वाढतो. शेजारच्या काकूंना वाळत घातलेले कपडे दोनदा धुवावे लागले. आता आमचा बंब केवळ दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला, तोही सुक्या बाभळीवरच पेटतो.