गेटमधून ट्रॉली जायच्या आधीच आकडा आला होता

१२,७९,१२० रुपये. आरएफआयडीच्या, म्हणजे मालावर लावलेला चिपचा टॅग रेडिओ लहरींनी लांबून वाचणाऱ्या यंत्रणेच्या नावाखाली एवढे पैसे मी एका भामट्याला दिले, तेही आरटीजीएसने, पक्क्या बिलावर. भिवंडीत गोदाम चालवणाऱ्या, दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. हा माणूस अजून फिरतोय, आणि ‘आधी केलेलं काम’ म्हणून दाखवायला आता त्याच्याकडे माझ्या गोदामाचे फोटो आहेत.

माझ्याकडे एका पार्टीचा शाम्पू, केसांचं तेल आणि स्टीलचे डबे असतात. करार वाढवताना पार्टीने सांगितलं की पुढच्या वर्षापासून प्रत्येक कार्टनचा माग लागला पाहिजे, आत कधी आला, बाहेर कधी गेला, सगळं. मोठे खरेदीदार हे मागतातच. वॉलमार्टने २००३ सालीच आपल्या मोठ्या पुरवठादारांना टॅग लावायला सांगितलं होतं, डेकॅथलॉनच्या कपड्यांना आज टॅग असतोच. म्हणजे मागणी खोटी नव्हती आणि तंत्रही खोटं नाही. खोटा होता तो विकणारा.

एका प्रदर्शनात त्याचा स्टॉल होता. मराठी बोलणारा, नम्र, पहिल्या भेटीपासून ‘दादा’. म्हणाला, “दादा, टोलनाक्यावर फास्टॅग वाचतो ना, तसंच तुमचं कार्टन गेटवर वाचलं जाणार.” फास्टॅग रोज डोळ्यांसमोर चालताना दिसतो, त्यावर कोण शंका घेणार? त्याचं कोटेशन असं होतं: टॅग वाचणाऱ्या अँटेना लावलेली दोन गेट प्रत्येकी १,८५,०००, टॅग वाचायची हातातली तीन यंत्रं म्हणजे रीडर प्रत्येकी ६८,०००, चाळीस हजार टॅग ९ रुपयांनी, ‘आयुष्यभराचं’ सॉफ्टवेअर १,५०,०००. झाले १०,८४,०००. वर अठरा टक्के जीएसटी, १,९५,१२०. ऑर्डरसोबत सत्तर टक्के म्हणजे ८,९५,३८४ घेतले, उरलेले ३,८३,७३६ बसवून चाचणी झाल्यावर.

त्या चाचणीबद्दलच मला सांगायचंय.

पॅलेटवर ४८ कार्टन, सगळा शाम्पू. हमाल ट्रॉली ओढत होते. शटरच्या रुळात चाक अडकलं आणि ट्रॉली गेटच्या अलीकडेच थांबली. तेवढ्यात स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं: ४८ पैकी ४८. माझा सुपरवायझर शेजारीच होता. तो म्हणाला, “साहेब, गाडी अजून आत गेलीच नाही.” मी त्या भामट्याकडे बघितलं. क्षणभरही न अडखळता तो म्हणाला, “रेंज दहा मीटर आहे दादा, लांबूनच पकडलं.” आणि मी मान डोलावली.

तो क्षण रात्री झोपू देत नाही. पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? दहा मीटरची रेंज ही थाप नाही, या कामाचा चांगला यूएचएफ (जास्त वारंवारतेच्या लहरींचा) रीडर मोकळ्या जागेत तेवढं वाचतो. मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते असं: पाणी, म्हणजे शाम्पूसुद्धा, या लहरी शोषून घेतं आणि धातू त्या परतवतो. शाम्पूच्या कार्टनांच्या ढिगात मधल्या रांगेतला टॅग लांबून, पहिल्याच फटक्यात, एकही न सुटता वाचला जाणं जवळपास अशक्य. प्रामाणिक माणूस पहिल्या दिवशी तीस-पस्तीस दाखवतो, मग अँटेनाची दिशा बदलतो, टॅगची जागा बदलतो, पुन्हा बघतो. पहिल्याच दिवशी शंभर टक्के दिसले तर चेक लिहू नका. ट्रेडिंगवाल्या माणसाला लहरींचं शास्त्र ठाऊक असावं, ही अपेक्षाच मला मान्य नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक होतं आणि त्याने ते लपवलं. गुन्हा तिथे आहे.

भांडं फुटलं ते पार्टीच्या ऑडिटमध्ये. स्क्रीनवर माल पूर्ण, जागेवर ५२ कार्टन कमी. एका कार्टनचे ४,४५० रुपये धरून पार्टीने २,३१,४०० ची डेबिट नोट फाडली, म्हणजे तेवढे पैसे माझ्या नावे टाकले. मी त्याला फोन लावला तर “सर्व्हर अपडेट चाललंय”. मग पुण्यातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने आधी काही तपासलंच नाही, गेटच्या चारही अँटेनाच्या वायरी उपटल्या आणि म्हणाला, आता ट्रॉली न्या.

स्क्रीनवर आलं: ४८ पैकी ४८.

सॉफ्टवेअर गेटकडून काही वाचतच नव्हतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या चलनाचा आकडा उचलायचं आणि तोच ‘वाचला’ म्हणून दाखवायचं. चलनावर ४८ लिहिले तर ४८, मग ट्रॉलीवर चाळीस असोत. माझ्या गोदामातून माल कसा गेला ते आता सांगायला नको. सगळं यंत्रात नोंदलं जातंय, या भरवशावर मी गेटवरची हातमोजणी बंद केली होती, तीही त्याच्याच सल्ल्याने.

टॅगची गोष्ट त्याहून वाईट. प्रत्येक टॅगमध्ये वेगळा ईपीसी क्रमांक लिहावा लागतो, कार्टन कार्टनपासून वेगळं ओळखायला तोच लागतो. रीतीने करायचं तर बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून कंपनीचा प्रीफिक्स (सुरुवातीचे ठरावीक आकडे) घ्यायचा आणि त्यावरून कार्टनचे क्रमांक तयार करायचे. याने ‘एन्कोडिंगसह’ म्हणून ९ रुपये लावले आणि कोरे रोल तसेच चिकटवले. इंजिनिअरने आपल्या रीडरने वाचले तर रोलभर एकच क्रमांक. खरा रीडर लावला असता तरी सॉफ्टवेअरने पन्नास कार्टन एकच धरलं असतं. रोल हातात आला की त्यातले दहा टॅग मधून मधून फाडून वाचून घ्या. ईपीसी वेगळा हवाच, पण टीआयडी म्हणजे चिपवर कारखान्यातच कोरलेला क्रमांकही बघा, कारण ईपीसी कोणीही पुन्हा लिहू शकतो. स्टीलच्या डब्यांवर त्याने साधे कागदी टॅग लावले होते. धातूवर ते चालत नाहीत. त्यासाठी वेगळे टॅग येतात आणि ते कितीतरी महाग असतात. ९ रुपयांत धातूवरचा टॅग कोणी देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि रीडर! आपल्याकडे या कामासाठी सरकारने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला केला, पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. फास्टॅग त्यातच चालतो. याने बसवलेले रीडर ९०२ ते ९२८ वाले, अमेरिकेतल्या पट्ट्याचे. त्यातला खालचा भाग आपल्याकडे मोबाइलसाठी आहे. म्हणजे पैसे तर गेलेच, वर बेकायदा यंत्र माझ्या नावावर. टॅग ८६० ते ९६० मध्ये कुठेही उत्तर देतो, त्यामुळे वापरणाऱ्याला हा फरक कळायचा मार्गच नाही. रीडरच्या मॉडेलचं ईटीए, म्हणजे रेडिओ यंत्राला सरकारी मान्यता असल्याचं प्रमाणपत्र आधी मागा. ‘येतंय’ म्हणाला तर पुढची बोलणी बंद.

जीएसटीचे १,९५,१२० तरी परत मिळतील असं वाटलं होतं. त्याने रिटर्नच भरलं नाही. बिल माझ्या २बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत आलंच नाही, आणि २बी मध्ये नाही तर भरलेल्या कराचं क्रेडिट नाही. पक्कं बिल म्हणजे सुरक्षित, हा समज डोक्यातून काढा. पहिला हप्ता थोडा द्या, त्याचं बिल २बी मध्ये दिसू द्या, मग पुढचं बघा.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेलो त्यांचं ऐका. पोलीस ठाण्यात साहेबांनी गेटचा फोटो बघितला आणि विचारलं, “यंत्र मिळालं ना? बिल आहे ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा.” मी वायरी उपटतानाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो अर्धाच बघितला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते स्पष्ट आहे. सुरुवातीपासून हेतू खोटा असेल आणि त्या जोरावर पैसे काढून घेतले असतील तर तो गुन्हाच आहे. चलनाचा आकडा रीडरचा म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर काय चुकून लिहिलं जातं? अर्जावर शिक्का द्यायलाही तिथला हवालदार तयार नव्हता. सायबरच्या मदत क्रमांकावर सांगितलं की तुम्ही स्वतः बँकेतून पैसे पाठवले, हे आमच्यात बसत नाही. ग्राहक आयोगात वकिलाने जाऊच दिलं नाही, कारण २०१९ च्या कायद्यात व्यापारी वापरासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. लघुउद्योगांच्या पोर्टलवर तक्रार टाकायला गेलो तर ते फक्त थकलेल्या बिलासाठी, विकणाऱ्याच्या बाजूचं. विकणाऱ्याचे पैसे अडले तर त्याला पोर्टल, घेणाऱ्याला लुटलं तर त्याला काहीच नाही! जीएसटी कार्यालयात तक्रार घेतली, पण त्यांना त्याचा बुडवलेला कर हवाय, माझे पैसे नव्हे. व्यावसायिक न्यायालयात जायचं तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, आणि त्याच्या बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत आली. कर आम्ही वेळेवर भरतो, ई-वे बिल एक दिवस उलटलं तर दंड आम्हीच भरतो, आणि लुटले गेल्यावर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

पोलिसांनी अर्ज घेतला नाही तर तोच अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माझा अर्ज तिथे गेलाय.

सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड आणि डेटा स्वतःच्या ताब्यात असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. माझं ‘आयुष्यभराचं’ सॉफ्टवेअर मी पहिली तक्रार केली त्याच आठवड्यात बंद झालं. त्याआधी इंजिनिअरने लॉग काढून ठेवले म्हणून हातात पुरावा तरी आहे.

अशाच एखाद्याने तुमच्याकडे गेट उभं केलं असेल तर आजच अँटेनाची वायर काढून ट्रॉली फिरवा आणि त्याचा सलग व्हिडिओ घ्या. टॅगचे उरलेले रोल फेकू नका, पाकिटासकट ठेवा. एकट्याच्या अर्जाला दिवाणी मामला म्हणतात. चार गोदामवाल्यांचे तेच रोल आणि तेच सॉफ्टवेअर एका अर्जात आले तर असं म्हणणं त्यांना जड जाईल.